सरळ कण्याचा वाकडा इतिहास

१/ “पोक काढू नकोस, ताठ बस.” हे वाक्य न ऐकता मराठी घरातले एखादे बालपण पार पडले असेल, असे मला वाटत नाही. पण ताठ बसणे हा आरोग्याचा नियम केव्हा झाला? आणि वाकलेली पाठ सरळ करायची कोणी: वैद्याने, यंत्राने, की ज्याची पाठ आहे त्याने? या प्रश्नाच्या उत्तराला सुमारे अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे. आजचा थ्रेड त्या इतिहासाचा.

२/ आधी थोडे स्वतःविषयी. गेल्या वर्षी लघुप्रबंधासाठी मोडी कागद वाचत होतो. चार महिने मान खाली आणि पाठ वाकलेली. एका सकाळी कमरेत अशी उसण भरली की अंथरुणातून उठता येईना. घरून तीन सल्ले आले. पहिला: आठवडाभर पडून राहा. दुसरा: कमरेला पट्टा बांध. तिसरा आजीचा: एखादा पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घे.

३/ ज्या भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो त्यांनी यांपैकी काहीच सांगितले नाही. आधी त्यांनी चार-पाच प्रश्न विचारले, पाय तपासले आणि म्हणाल्या, “उठा, मला जरा चालून दाखवा.” खरे सांगायचे तर मला रागच आला. पुढे अभ्यास करताना ध्यानात आले की घरचे तिन्ही सल्ले मोठ्या परंपरेचे वारस आहेत आणि बाईंचा चौथा सल्लाही तसाच. फक्त त्याची परंपरा वयाने लहान आहे.

४/ आरंभ प्राचीन ग्रीसपासून. हिपोक्रेटिसच्या नावावर जो ग्रंथसंग्रह आहे, त्यात सांध्यांविषयीचा एक ग्रंथ आहे. पाठीला आलेल्या कुबडावर त्या काळी चालणारा एक उपचार त्यात सांगितला आहे. रोग्याला शिडीला घट्ट बांधायचे, दोरांनी ती शिडी मनोऱ्यावर किंवा घराच्या आढ्यापर्यंत चढवायची आणि मग खाली सोडायची. त्या हिसक्याने कणा सरळ होईल, अशी अपेक्षा.

५/ ग्रंथकाराला हा प्रकार पसंत नव्हता. जमावाला तोंडात बोटे घालायला लावावीत, एवढ्यासाठीच काही वैद्य हे करतात, असा त्याचा रोख आहे. तमाशा आणि उपचार यांतला भेद त्याला ठाऊक होता. पण शिडीचे हे चित्र मनात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

६/ त्याने स्वतः सुचवलेला उपाय म्हणजे फळी. रोग्याला पालथे निजवायचे, छातीभोवती, कमरेला आणि पायांना पट्टे बांधून दोन्ही बाजूंनी ताण द्यायचा आणि वैद्याने तळहातांनी कुबडावर दाब द्यायचा. दाब कमी पडला तर कुबडावर बसावे, किंवा त्यावर पाय देऊन भार टाकावा. आजीच्या पायाळू माणसाची आठवण होते ना? दोन प्रथांचा एकमेकींशी संबंध आहे, असा माझा दावा नाही. पण कल्पनेची जात एकच: दुखणारी पाठ निपचित पडलेली, आणि काम करणारा पाय दुसऱ्याचा.

७/ दुसऱ्या शतकात गेलनने हीच परंपरा पुढे नेली. स्कोलिओसिस, कायफोसिस, लॉर्डोसिस ही आजच्या अहवालांत दिसणारी कण्याच्या वाकांची नावे वैद्यकात रूढ करण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. अरबी वैद्यकातून ही फळी आणि हा ताण मध्ययुगीन युरोपापर्यंत पोहोचला. शतकानुशतके साधने बदलली, रोग्याची भूमिका मात्र बदलली नाही. त्याने फक्त सहन करायचे.

८/ सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजदरबारी शल्यचिकित्सक होता आंब्रोआज पारे. त्याने वाकड्या पाठीसाठी लोखंडी पत्र्याची अंगी सांगितली. वजन कमी व्हावे म्हणून तिला भोके पाडलेली असत, आणि ती घडवणारे हात चिलखते बनवणाऱ्या कारागिरांचे होते. मूल वाढेल तशी अंगीही बदलावी लागे. रणांगणावरचे चिलखत बाहेरचा वार अडवी. हे चिलखत आतल्या वाकाला अडवू पाहत होते. आज औषधाच्या दुकानात मिळणारा कंबरपट्टा याच वंशातला.

९/ आता १७४१ सालच्या पॅरिसमध्ये या. निकोला आंद्री नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या वैद्याचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या नावासाठी त्याने दोन ग्रीक शब्द जोडून नवा शब्द घडवला. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पेडिऑन’ म्हणजे मूल. आज ज्याला आपण ‘ऑर्थोपेडिक्स’ म्हणतो त्या शब्दाचा जन्म हा असा. अस्थिरोगशास्त्राच्या नावातच एक सरळ मूल उभे आहे.

१०/ त्या पुस्तकात एक चित्र आहे: वाकडे वाढलेले रोपटे, शेजारी रोवलेला सरळ खांब आणि दोघांना जोडणारी दोरी. हे चित्र आजही जगभरच्या अस्थिरोग संघटनांच्या बोधचिन्हांत दिसते. गंमत अशी की आंद्रीचे पुस्तक शल्यचिकित्सकांसाठी नव्हतेच. ते आईबापांसाठी होते. मुलांना कसे बसवावे, लिहिण्याचे मेज किती उंच असावे, त्यांच्याकडून कोणता व्यायाम करून घ्यावा, असा घरगुती विचार त्यात आहे.

११/ पण वाचकांच्या स्मरणात राहिले ते रोपटे आणि दोरी. चित्र मजकुराहून बलवान ठरले. झाडाच्या उपमेत एक मोठा दोष आहे. झाड चालत नाही. त्याला स्नायू नाहीत, इच्छा नाही, “आज मला करायचे नाही” असे ते म्हणत नाही. माणसाच्या पाठीला खांबाचीच गरज आहे, असे एकदा मानले की त्या माणसाला काही विचारण्याची गरजच उरत नाही.

१२/ त्या काळच्या युरोपात ताठ पाठ हे कुलीनतेचे लक्षण होते. नृत्यशिक्षक ती शिकवत, लहान मुलींना ताठ अंग्यांत आवळले जाई, आणि लष्करी कवायतीत ती सैनिकाची ओळख ठरे. वाकलेली पाठ म्हणजे कष्टकऱ्याची, आळशाची, पराभूताची. मराठीतही ‘ताठ मानेने जगणे’ आणि ‘कणा नसलेला माणूस’ हे वाक्प्रचार आहेतच. शरीराच्या ठेवणीवरून चारित्र्य वाचण्याची खोड सार्वत्रिक आहे.

१३/ प्रत्येक वाक ही वाईट सवय नसते, हे त्याच शतकात स्पष्ट होऊ लागले होते. १७७९ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी कुबड आणि पायांतील दुर्बलता यांचे एकत्र वर्णन केले. कण्याच्या क्षयाला आजही ‘पॉट्स डिसीज’ म्हणतात. ज्या मुलाच्या मणक्यांना क्षयाने पोखरले आहे, त्याला “ताठ बस” असे दरडावण्यात किती अन्याय आहे, याचा विचार करा.

१४/ संस्थांचा आरंभही याच सुमारास झाला. १७८० मध्ये झां-आंद्रे व्हेनेल यांनी स्वित्झर्लंडमधील ऑर्ब येथे शरीरविकृतींच्या उपचारांसाठी स्वतंत्र संस्था काढली. पुढे फ्रान्समधील माँपेलिए येथे जाक-मातिय देल्पेश यांनी कण्याच्या रोग्यांसाठी व्यायामाला मोठे स्थान दिले. १८२८ सालच्या त्यांच्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन आहे. दोरीने बांधलेले रोपटे हळूहळू सुटू लागले होते.

१५/ खरा पालट मात्र एका तलवारबाजीच्या शिक्षकाने घडवला. पेर हेन्रिक लिंग, जन्म १७७६, स्वीडन. कवी, भाषांचा अभ्यासक आणि लुंड विद्यापीठात तलवारबाजीचा शिक्षक. त्याच्या हाताच्या जुनाट दुखण्याला तलवारीच्या नित्य सरावाने उतार पडला, असे त्याच्या चरित्रात सांगतात. हालचालीने दुखणे वाढते, हीच सर्वसाधारण समजूत असलेल्या काळात त्याच्या मनात उलटा प्रश्न उभा राहिला: योग्य मापाची हालचाल हेच औषध असेल तर?

१६/ राजकीय पार्श्वभूमीही ध्यानात घ्या. १८०९ मध्ये रशियाकडून पराभूत होऊन स्वीडनने फिनलंड गमावला होता. राष्ट्राचा कणा मोडल्याची भावना सर्वत्र होती. शरीरे घडवली तर राष्ट्र घडेल, हा विचार सरकारला पटला आणि १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे लिंगच्या नेतृत्वाखाली राजाश्रयाने व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. भौतिकोपचाराच्या इतिहासाचा एक उगम या पराभवात आहे.

१७/ लिंगने व्यायामाच्या चार शाखा कल्पिल्या: शैक्षणिक, लष्करी, वैद्यकीय आणि सौंदर्यविषयक. त्यांपैकी वैद्यकीय शाखेतला एक विचार अत्यंत मोलाचा होता. काही हालचाली रोग्याने एकट्याने करायच्या, काही उपचारकाने करून द्यायच्या. आणि तिसऱ्या प्रकारच्या हालचाली दोघांनी मिळून करायच्या. रोगी हात उचलतो, उपचारक त्याला मोजका विरोध करतो. किंवा उपचारक ढकलतो आणि रोगी त्याला थोपवतो.

१८/ हा क्षण लहान दिसतो, पण माझ्या मते या थ्रेडचे मर्म इथे आहे. फळीवर पालथा पडलेला रोगी इथे उठून उभा राहिला. त्याच्या बळावाचून उपचार पूर्णच होऊ शकत नव्हता. आणि स्वीडिश व्यायामशाळेच्या भिंतीवर काय होते, ठाऊक आहे? आडव्या लाकडी दांड्यांची चौकट. आजही अनेक फिजिओथेरपी विभागांत ती दिसते. भिंतीला लावलेली शिडीच ती. हिपोक्रेटिसच्या काळी माणसाला शिडीला बांधत. इथे तो तिला स्वतःच्या हातांनी धरू लागला.

१९/ लिंगचे दैवतीकरण करण्याचे कारण नाही. त्याच्या लेखनात गूढवाद पुष्कळ आहे आणि समकालीन डॉक्टरांशी त्याचे पटत नव्हते. ‘स्वीडिश मसाज’ त्याने शोधला, हीदेखील दंतकथाच. आज प्रचलित असलेली मालिशीची पद्धत आणि तिची फ्रेंच परिभाषा यांचा संबंध डच वैद्य योहान मेझगर यांच्याशी जोडला जातो. पण लिंगच्या संस्थेतून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी त्याचा विचार युरोपभर नेला. १८६४ पासून तिथे स्त्रियांना प्रवेश मिळू लागला आणि १८८७ मध्ये स्वीडनच्या आरोग्य मंडळाने या उपचारकांना अधिकृत मान्यता दिली.

२०/ त्याच स्टॉकहोममध्ये गुस्ताव झांडर या डॉक्टरने १८६५ मध्ये उलटी वाट धरली. उपचारकाच्या हातांऐवजी यंत्रे. तरफा, वजने आणि वाफेची शक्ती यांवर चालणारी त्याची यंत्रे पुढे अनेक देशांत पोहोचली. आजच्या जिमकडे पाहिले की झांडरच जिंकला, असे वाटते. पण यंत्राला एक गोष्ट जमत नाही. समोरचा माणूस आज घाबरलेला आहे, हे त्याला कळत नाही.

२१/ ब्रिटनमध्ये हा विचार स्त्रियांनी रुजवला. लिंगच्या संस्थेत शिकलेल्या मार्टिना बर्गमन-ओस्टरबर्ग यांना लंडनच्या शाळा मंडळाने १८८१ मध्ये नेमले आणि मुलींच्या शाळांत स्वीडिश कवायत सुरू झाली. १८९४ मध्ये मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवरून ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात गदारोळ उठला. त्याच वर्षी ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चौघींनी प्रशिक्षित उपचारिकांची संस्था काढली.

२२/ या चौघींसमोरचा पेच लक्षात घ्या. रोग्याला हात लावणे हाच त्यांचा व्यवसाय आणि हात लावणे हीच बदनामीची सबब. म्हणून त्यांनी स्वतःवर कडक नियम घालून घेतले: डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय उपचार नाही, पुरुषांवरील उपचारांना मर्यादा, शिवाय परीक्षा आणि प्रमाणपत्र. १९२० मध्ये त्यांच्या संस्थेला राजसनद मिळाली, आणि १९४४ मध्ये तिच्या नावात ‘फिजिओथेरपी’ हा शब्द आला. आज रुग्णालयातील ज्या विभागात आपण निःशंकपणे जातो, त्यामागे ही झुंज आहे.

२३/ शाळेच्या मैदानावरील ‘सावधान–विश्राम’ची कवायत वसाहतकाळात आपल्याकडेही आली. पण इथे तालीम होती, मल्लखांब होता, जोर-बैठका होत्या. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला. १९२८ मध्ये त्यांचे त्याविषयीचे इंग्रजी पुस्तक आले. बडोद्याच्या माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला. आधुनिक योगावर युरोपीय व्यायामपद्धतींचा प्रभाव किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो स्वतंत्र थ्रेडचा विषय.

२४/ आता या इतिहासाची काळी बाजू. अमेरिकेत जेसी बॅनक्रॉफ्ट यांचे शाळकरी मुलांच्या शरीरस्थितीवरील पुस्तक १९१३ मध्ये आले आणि १९१४ मध्ये ‘अमेरिकन पोश्चर लीग’ स्थापन झाली. हेतू चांगला होता. पण ‘ताठ’ आणि ‘पोक आलेले’ अशी वर्गवारी सुरू झाली, आणि वर्गवारीच्या मागोमाग कॅमेरा आला.

२५/ विसाव्या शतकात, थेट १९६० च्या दशकापर्यंत, हार्वर्ड, येल, व्हासर यांसारख्या नामांकित शिक्षणसंस्थांत नव्या विद्यार्थ्यांची ‘पोश्चर’ तपासण्यासाठी विवस्त्र किंवा जवळजवळ विवस्त्र छायाचित्रे काढली जात. शरीराच्या बांध्यावरून स्वभाव आणि बुद्धी सांगू पाहणाऱ्या विल्यम शेल्डन यांच्या संशोधनासाठी अशी छायाचित्रे वापरली गेली. १९९५ मध्ये एका वृत्तलेखामुळे हे प्रकरण पुन्हा चव्हाट्यावर आले. आरोग्याच्या नावाने सुरू झालेली तपासणी माणसाच्या प्रतिष्ठेवर कशी उठते, याचे हे उदाहरण विसरू नये.

२६/ या सगळ्यात वाकड्या पाठीचा माणूस स्वतः कुठे होता? जर्मनीत. कातरिना श्रोट, जन्म १८९४, ड्रेस्डेन. तिच्या कण्याला बाजूचा बाक होता आणि तरुणपणी तिला पोलादी आधार घालावा लागला. फुगा पाहून तिला सुचले की आत गेलेला भाग श्वासानेच बाहेर फुगवता आला तर? आरशासमोर उभी राहून ती स्वतःच्या बरगड्यांना श्वासाची दिशा देऊ लागली. १९२१ मध्ये माइसेन येथे तिने छोटे उपचारकेंद्र उघडले.

२७/ तिला वैद्यकीय पदवी नव्हती. होती ती वाकडी पाठ आणि तिच्याकडे पाहण्याची चिकाटी. श्रोट पद्धती आज अनेक देशांत, भारतातही, शिकवली जाते. ज्याचे शरीर त्याचे निरीक्षणही ज्ञान असते, हे तिने सिद्ध केले. आंद्रीचे रोपटे जणू बोलू लागले आणि त्याने सांगितले की मला वाकता येते तसे सावरताही येते.

२८/ महायुद्धे आणि पोलिओ यांनी या व्यवसायाला प्रौढ केले. पोलिओग्रस्त हातपाय महिनोन्महिने फळ्यांत आणि प्लास्टरमध्ये जखडण्याची रीत होती. ऑस्ट्रेलियन परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी तिला आव्हान दिले: गरम कापडाचा शेक द्या आणि स्नायूंना पुन्हा हालचाल शिकवा. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या. त्यांच्या सिद्धांतांवर डॉक्टरांनी कडाडून टीका केली, पण जखडून ठेवण्याची रीत मागे पडली.

२९/ आता मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात या. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहाने निंबकरांच्या घरात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये इथे व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. व्यवसायोपचार हे भौतिकोपचाराचे सख्खे भावंड. पोलिओच्या सावटाखाली, त्याच दशकाच्या आरंभी, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने इथेच भौतिकोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. स्टॉकहोमहून निघालेला विचार परळला पोहोचायला सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली.

३०/ पाठदुखीचे काय? १९३७ मध्ये अमेरिकन डॉक्टर पॉल विल्यम्स यांनी कंबर पुढे वाकवण्याचे व्यायाम सांगितले आणि ते जगभर रूढ झाले. मागे वाकणे धोक्याचे मानले जाऊ लागले. मग १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेंझी यांच्या दवाखान्यात एक रुग्ण आला. आतून त्याला पालथे झोपायला सांगितले गेले. खाटेचा डोक्याकडचा भाग उचललेला होता, हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

३१/ काही मिनिटांनी मॅकेंझी आत आले आणि हादरले. रुग्ण पालथा, पाठ मागे वाकलेली, म्हणजे त्या काळच्या मते अत्यंत घातक अवस्था! रुग्ण मात्र म्हणाला की पायातली कळ गेली, कित्येक दिवसांत एवढे बरे वाटले नव्हते. मॅकेंझी यांनी हा अपघात झटकून टाकला नाही. कोणत्या हालचालीने कोणाची कळ कमी होते, हे ते रुग्णांनाच विचारत गेले आणि त्यातून पद्धत घडवली. त्यांच्या १९८० च्या पुस्तकाच्या नावाचा आशयच असा: तुमच्या पाठीवर तुम्हीच उपचार करा.

३२/ मग “ताठ बस”चे काय झाले? १९६० च्या दशकात स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून दाब मोजला. बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त भरला आणि ‘बसणे घातक’ हा विचार घट्ट झाला. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा सैल, टेकून बसण्यातला दाब उभे राहण्यापेक्षा जास्त आढळला नाही. आकड्यांनाही इतिहास असतो.

३३/ पडून राहण्याचेही तेच झाले. १९८६ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच उपयोगी ठरली. १९९५ मध्ये फिनलंडमधील चाचणीत तर जमेल तशी रोजची कामे चालू ठेवणारे लोक अंथरुणात पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरले. शेकडो वर्षांच्या ‘पडून राहा’ला दशकभरात उतरती कळा लागली.

३४/ म्हणजे बाहेरचा आधार निरुपयोगीच का? तसे म्हणणे पुन्हा अन्यायाचे होईल. वाढत्या वयातील मुलांच्या कण्याच्या बाजूच्या बाकावर पट्ट्याचा उपयोग होतो का, याची मोठी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत वाढला नाही. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. पट्टा जितके अधिक तास, तितका लाभ अधिक. पारेची लोखंडी अंगी अगदीच भलत्या वाटेवर नव्हती.

३५/ पण नेहमीच्या कंबरदुखीचा प्रश्न वेगळा आहे. सर्वांना लागू पडेल अशी एकच ‘बरोबर’ शरीरस्थिती असते आणि ती पाळल्याने पाठदुखी टळते, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. २०१९ मध्ये काही भौतिकोपचारतज्ज्ञांनीच लेख लिहून ‘ताठ बसा’ या सल्ल्याचा फेरविचार मागितला. वाकून बसणे हा गुन्हा नाही. तासन्तास एकाच ढबीत राहणे, मग ती ढब ताठ का असेना, शरीराला मानवत नाही. बैठक बदलणे, उठणे, चालणे आणि हळूहळू बळ वाढवणे, एवढे साधे सूत्र हाती उरते.

३६/ आता माझ्या तीन सल्ल्यांकडे परत येऊ. ‘पडून राहा’ हा अलीकडेपर्यंत वैद्यकाचाही सल्ला होता. ‘पट्टा बांध’ पारेच्या चिलखतापर्यंत जातो. ‘पायाळूचा पाय’ ऐकला की हिपोक्रेटिसच्या फळीवरचे ते पाऊल आठवते. त्यामुळे आता आजीला हसावेसे वाटत नाही. या सल्ल्यांत माया आहे. फक्त तिन्हींत मी झाड आहे आणि दुसरे कोणीतरी माळी.

३७/ त्या बाईंनी मला झाड मानले नाही, एवढाच काय तो फरक. पहिल्या दिवशी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, तेव्हा घाम फुटला होता. तिसऱ्या आठवड्यात व्यायाम करताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मला ढकला.” मी ढकलले, त्यांनी विरोध केला. त्या वेळी मला लिंगचे नावही ठाऊक नव्हते. आज वाटते, दोनशे वर्षांपूर्वीचा धडा मी पाठीने वाचत होतो.

३८/ एक सावधगिरी. हा इतिहासाचा थ्रेड आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे. पायांत बधिरता किंवा अशक्तपणा वाढत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तापासह पाठ दुखत असेल किंवा पडल्यावर दुखणे सुरू झाले असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. पॉटच्या काळापासून चालत आलेला धडा हाच की प्रत्येक दुखणाऱ्या पाठीचे कारण सारखे नसते.

३९/ पुढल्या वेळी कोणी “ताठ बस” म्हणाले तर वाद घालू नका. त्या दोन शब्दांत दरबारातला नर्तक, परेडमधला सैनिक आणि आंद्रीचे रोपटे असे सगळे उभे आहेत. त्यांना मनोमन नमस्कार करा आणि उठून चार पावले चाला. मीही हा थ्रेड लिहिताना पाच वेळा उठलो. तुम्ही तो एका बैठकीत वाचला असेल, तर आता उठा.